बंदूक भिंतीवर, गुरू मोबाइलवर

चैत्रात महालक्ष्मीच्या उत्सवाला केळशीत माणसांचा पूर येतो. वर्षभर कुलूप लावलेली घरे उघडतात, ओट्या झाडल्या जातात, विहिरींवर रहाटाऐवजी का होईना पण पंपांचा आवाज घुमू लागतो. चार दिवस गाव पुन्हा गावासारखे दिसते. मग मुंबई-पुण्याच्या गाड्या परतीला लागतात आणि मागे उरतात म्हातारी माणसे, आंब्याची राखण आणि अंधार पडला की सड्यावरून उतरणारी रानडुकरे.

अशाच एका उत्सवात ज्यांच्याकडे मी उतरलो होतो, त्या घरातला हा प्रसंग. ओटीच्या भिंतीवर एकनळी बारा बोअरची बंदूक. घरातले वडीलधारे गृहस्थ, ज्यांना सगळी वाडी अण्णा म्हणते, सत्तरी ओलांडलेले. मुंबईची नोकरी सोडून शेती-बागायत करायला परत आलेला त्यांचा मुलगा झोपाळ्यावर बसून मोबाइल पाहत होता. पडद्यावर कानाला मोठाले गोळे लावलेला एक गोरा मनुष्य बंदूक कशी धरावी, ते मोठ्या उत्साहाने समजावून देत होता.

‘‘अण्णा, हे बघा. यात सगळं दाखवलंय. दस्ता खांद्याला कसा लावायचा, गाल कुठे टेकवायचा, पाय किती फाकवायचे…’’

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवून क्षणभर पाहिले. म्हणाले, ‘‘चांगलं सांगतोय तो. पण तू चुकलास, तर तो तुझा कान पिळणार आहे का?’’

मुलगा हसला, मीही हसलो. पण मुंबईला परतताना ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण प्रश्न केवळ त्या घराचा नव्हता. कोकणातल्या शेतीसंरक्षणाच्या बंदुका आज एका पिढीच्या हातातून दुसऱ्या पिढीच्या हातात जात आहेत. बंदूक वारशाने मिळते, परवाना खटपटीने मिळतो. पण ती चालवण्याची, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे न चालवण्याची विद्या कोठून मिळणार? बापाकडून, सरकारकडून, की मोबाइलकडून?

बंदूक हवीच कशाला?

शहरातल्या वाचकाला बंदूक म्हटले की चित्रपट आठवतो. केळशी, आडे, आंजर्ले, वेळास या पट्ट्यातल्या माणसाला भाताचा कापणीला आलेला मळा आठवतो. रानडुकरांचा कळप एका रात्रीत मळा लोळवून टाकतो. खातो त्याहून अधिक तुडवतो. सुरण, कणगर, रताळी तर तो नांगरल्यासारखी उकरून काढतो. दिवसा माकडे आणि वानर आहेतच. नारळाची कोवळी शहाळी, आंबे, परसातल्या शेंगा, कशाचाच धरबंध नाही. वानरांचा बंदोबस्त करा, म्हणून रत्नागिरी जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना रस्त्यावर येऊन मागणी करावी लागली आहे.

त्यात ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडच्या किनाऱ्याचे कंबरडे मोडले. पन्नास-पन्नास वर्षांचे माड आणि पोफळींची आगरे काही तासांत आडवी झाली. ज्यांनी पुन्हा रोपे लावली, त्यांच्यासाठी एकेक रोप म्हणजे दहा वर्षांची वाट आहे. ते रोप एका रात्रीत उपटले गेले, तर माणूस नुसता हळहळत नाही, हताश होतो. दुसरीकडे गावे ओस पडत गेली, कसणारे हात कमी झाले, शेते पडीक राहिली आणि त्यात वाढलेल्या रानाने डुकरांना घराच्या उंबऱ्यापर्यंत आडोसा दिला. म्हणजे जनावर गावात आले, यात गाव जनावरासाठी मोकळे झाले हाही भाग आहे.

सौर कुंपणाला सरकारी अनुदान मिळते आणि जेथे ते नीट उभारले व राखले जाते, तेथे डुकरांपुरता त्याचा उपयोगही होतो. पण झाडावरून झाडावर जाणाऱ्या माकडाला कुंपण ते काय? आणि चार ठिकाणी विखुरलेल्या पाच-दहा गुंठ्यांच्या तुकड्यांना कुंपण तरी किती घालणार? तेव्हा बंदूक राहिली. बहुतेक वेळा तिचे काम जनावर मारणे नसतेच. रात्री एक बार काढला की कळप पळतो. वाडीला कळते, राखण जागी आहे.

कायदा काय म्हणतो?

इंग्रजांनी १८७८ साली हत्यारांचा कायदा केला आणि या देशातल्या सामान्य माणसाला नि:शस्त्र केले. स्वातंत्र्यानंतर १९५९ साली नवा कायदा आला. त्याच्या तेराव्या कलमात शेतकऱ्याची आठवण ठेवलेली आहे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीची बंदूक, तसेच संरक्षणासाठी वा खेळासाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाला परवाना द्यावा, असा त्या कलमाचा रोख आहे. कोकणातल्या ओट्यांवर दिसणाऱ्या बंदुका बहुतेक याच जातीच्या.

या कायद्याबद्दल तीन मोठे गैरसमज गावोगाव आढळतात. पहिला, बंदूक घराची असते. ती घराची नसते, परवान्यावर ज्याचे नाव आहे त्याची असते. बापाच्या नावावरची बंदूक घेऊन मुलगा रात्री राखणीला गेला, तर तो कायद्याच्या दृष्टीने विनापरवाना हत्यार बाळगतो. शिवाय परवान्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. परवानाधारक सत्तरीला पोहोचला किंवा बंदूक त्याच्याकडे २५ वर्षे राहिली, तर वारसाच्या नावे परवाना देण्याची तरतूद २०१६ च्या नियमांत आहे. अण्णांची खटपट चालली होती, ती त्यासाठीच.

दुसरा गैरसमज, शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना. मुळीच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली. पिकाचे नुकसान करणाऱ्या रानडुकराला मारायचे झाले, तरी वनखात्याच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. अंगावर आलेल्या जनावरापासून स्वत:चा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना ते मारले गेले, तर गोष्ट वेगळी. वानराचा तर प्रश्नच नाही. त्याला कायद्याचेही संरक्षण आहे आणि मारुतीरायाचेही. म्हणजे एका कचेरीने बंदूक दिली, तिचा जनावरावर उपयोग करायचा तर दुसऱ्या कचेरीची चिठ्ठी हवी. ही गोष्ट ज्याला माहीत नाही, तो पिकाचे रक्षण करता करता आरोपी होतो.

तिसरा गैरसमज आपल्या विषयाच्या गाभ्याचा आहे. बंदूक चालवायला शिकावे लागते, हे कायद्याला मान्यच नाही, असे पुष्कळांना वाटते. १९६२ च्या जुन्या नियमांच्या काळात ते फारसे चूकही नव्हते. पण जुलै २०१६ मध्ये आलेल्या नव्या नियमांनी परवाना मागणाऱ्याने हत्यार आणि दारूगोळा सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षण पुरे केले पाहिजे, अशी अट घातली. त्या प्रशिक्षणात काय काय असावे, हेही सांगितले. बंदूक सुरक्षितपणे धरणे व नेणे, बार काढण्याची रीत, हत्याराची निगा, घरात ते कुलूपबंद ठेवणे आणि ते बाळगणाऱ्यावर येणाऱ्या जबाबदारीची जाणीव. कागदावर याहून शहाणपणाचे काय असू शकेल?

गोम आहे ती कागदावर या शब्दात. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनी असा दाखला मिळवला. कोठून, ते सांगण्याचे कारण नाही. तासाभराचे व्याख्यान झाले, सह्या झाल्या, दाखला हातात पडला. ‘‘किती बार काढलेत?’’ म्हणून मी विचारले. ते ओशाळून म्हणाले, ‘‘एकही नाही.’’ पोहायला येते, असा दाखला विहिरीच्या काठावरच मिळावा, तसा हा प्रकार.

पूर्वी कसे शिकत?

पूर्वी तरी कोठे शाळा होती, असे कोणी म्हणेल. शाळा नव्हती, पण शिक्षण होते. पोरगा दहा-बारा वर्षांचा असल्यापासून बापाच्या मागे राखणीला जाई. पहिली दोन वर्षे त्याच्या हातात फक्त कंदील किंवा विजेरी. मग बंदूक पुसण्याचे काम. मग रिकामी बंदूक घेऊन चालण्याचे. गडगा ओलांडायचा तर आधी काडतूस बाहेर, मग बंदूक पलीकडे टेकवायची, मग आपण चढायचे. एकदा चुकला की पाठीत धपाटा. नळी चुकून कोणाच्या दिशेने वळली, तर त्या रात्री जेवण नाही. बार काढायची पाळी येईतो पोराच्या अंगात ती शिस्त मुरलेली असे.

या शिक्षणात दोष नव्हते असे नाही. आजच्या कायद्यात त्यातले पुष्कळसे बसायचे नाही. शिवाय बापाच्या चुकाही वारशाने मिळत. ठासणीची बंदूक भरून ठेवणारे, दारू अंदाजाने मुठीने ओतणारे महाभाग होतेच, आणि त्यापायी बोटे गमावलेली माणसेही गावोगाव होती. पण त्या पद्धतीत एक गोष्ट पक्की होती. शिकणाऱ्याच्या शेजारी शिकवणारा उभा असे. ती साखळी तुटली. बाप गावात राहिला, पोरगा बारावीनंतर मुंबईला गेला. तो तिशी-पस्तिशीत परत आला, तेव्हा बापाचे हात थरथरू लागले होते. मधली पंधरा-वीस वर्षे रिकामी गेली आणि त्या रिकाम्या जागेत मोबाइल येऊन बसला.

मोबाइल काय शिकवतो?

मोबाइलला नावे ठेवणे सोपे आहे, आणि ते करण्याचा माझा हेतू नाही. त्या गोऱ्या शिक्षकाच्या चित्रफिती मीही पुढे चार रात्री बसून पाहिल्या. त्यांतल्या चांगल्या चित्रफिती खरोखर चांगल्या आहेत. बंदुकीचे भाग, ती उघडायची-पुसायची कशी, दस्ता आपल्या हाताला लांब होतो की आखूड, आपला कोणता डोळा वरचढ आहे, हे सारे त्यांत स्वच्छ कळते. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले तर त्यातला एक जिच्यात बसेल, ती नळी बारा बोअरची. म्हणजे व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर. हे मला इतकी वर्षे ‘बारा बोअर’ हा शब्द ऐकूनही ठाऊक नव्हते. एखादी क्रिया संथ गतीने दहा वेळा पाहण्याची सोय आमच्या आधीच्या पिढीला कोठे होती?

पण जे दिसते त्यातच जे दिसत नाही ते दडलेले असते. पहिली गोष्ट, त्या चित्रफिती मोकळ्या माळावर काढलेल्या. समोर मातीची तबकडी उडते, तिच्या मागे दूरवर कोणी नाही. आपल्याकडे आगराला लागून घर, घराला लागून पाणंद, पाणंदीपलीकडे दुसऱ्याचे आगर. छर्रे पसरतात, तेव्हा नेम फारसा धरावा लागत नाही, असे नवशिक्याला वाटते. हिशेब करून पाहा. नळीच्या तोंडाला आवळा नसलेल्या साध्या बंदुकीतून ३५-४० मीटरवर जेमतेम ४० टक्के छर्रे अडीच फुटी वर्तुळात पडतात. मग उरलेले ६० टक्के कोठे जातात? बारीक छर्राही दोनशे मीटर जातो. मोठे छर्रे अर्ध्या किलोमीटरच्या पुढेही पोहोचू शकतात. जांभ्याच्या चिऱ्यावर आपटून ते कोणीकडे वळतील, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. दोनशे मीटरमध्ये केळशीच्या वाडीत किती उंबरे येतात, ते ज्याचे त्याने मोजावे.

दुसरी गोष्ट, त्यांची बंदूक आणि आपली बंदूक एक नव्हे. त्यांची नवी, दोन नळ्यांची, पोलादी. आपली आजोबांच्या वेळची, खाऱ्या वाऱ्याने खाल्लेली. पावसाळाभर भिंतीवर टांगलेल्या बंदुकीच्या नळीत कुंभारीण माशी मातीचे घर बांधते. नळीत अडथळा असताना बार काढला, तर नळी फुटते. हे संकट त्या गोऱ्या शिक्षकाला सुचणार कसे? ठासणीच्या बंदुकीला काळी दारू आणि तीही मापात लागते. परदेशी चित्रफितीतले दुसऱ्या दारूचे माप तिला लावणे म्हणजे स्वत:च्या चेहऱ्याशी खेळणे होय.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. चित्रफीत तुम्हाला दिसते, पण तुम्ही चित्रफितीला दिसत नाही. बंदुकीच्या धक्क्याला आणि आवाजाला माणूस भितो आणि चाप ओढण्याच्या आधीच त्याच्या नकळत अंग चोरतो. त्याला स्वत:ला हे कधीच कळत नाही, कारण नेमका त्याच क्षणी धडाका होतो. कसलेला शिक्षक काय करतो? शिकणाऱ्याला न सांगता बंदुकीत एखादे नकली काडतूस भरतो. चाप ओढला जातो, ‘टक्’ एवढाच आवाज होतो आणि नळी खाली झुकलेली सगळ्यांना दिसते. एका क्षणात माणसाला आपली चूक डोळ्यांनी दिसते. ही युक्ती चित्रफितीत पाहता येते. तिचा अनुभव घ्यायला मात्र पाठीशी दुसरा मनुष्य उभा लागतो. काडतूस कोणी भरले हे ज्याला ठाऊक आहे, तो स्वत:ला फसवू शकत नाही.

चौथी गोष्ट कंटाळ्याची. बंदूक बाळगण्यातला मोठा भाग कंटाळवाणा असतो. काडतूस काढले का पाहणे, पुन्हा पाहणे, कपाटाला कुलूप, किल्ली वेगळी, काडतुसे वेगळी. कंटाळवाण्या गोष्टींची चित्रफीत कोणी पाहत नाही, म्हणून कोणी काढतही नाही. धडाके मात्र लाखो लोक पाहतात. पाहणाऱ्याला वाटते, बंदूक म्हणजे धडाका. खरे तर बंदूक म्हणजे धडाका होऊ न देण्याची कला.

चूक कोणाकडूनही होते

यावर कोणी म्हणेल की अपघात अडाण्यांकडून होतात. तसे नाही. ११ फेब्रुवारी २००६ रोजी टेक्सासमध्ये पाखरांच्या शिकारीला गेलेले अमेरिकेचे तत्कालीन उपाध्यक्ष डिक चेनी यांनी उडत्या पाखरामागे नळी फिरवत नेली आणि चाप ओढला. त्या रेषेत त्यांचे सोबती हॅरी व्हिटिंग्टन उभे होते. छर्रे त्यांच्या चेहऱ्यात, मानेत, छातीत घुसले. दैव बलवत्तर म्हणून ते वाचले. चेनी नवशिके नव्हते, बंदूक उत्तम होती, पैशाची ददात नव्हती. चुकली ती एकच गोष्ट. पाखरावर नजर गेली आणि पाखरामागे काय आहे, त्यावरून उठली.

इकडे आपल्या महाराष्ट्रात २०२५ च्या जानेवारीअखेर पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या जंगलात रानडुकराच्या शिकारीला गेलेल्या गावकऱ्यांपैकी एकाने हालचाल दिसली म्हणून बार काढला. ते डुक्कर नव्हते, त्यांच्यातलाच मनुष्य होता. त्याचा जीव गेला आणि पुढे भीतीपोटी प्रकार दडवण्याचाही प्रयत्न झाला. कोकणात अशा बातम्या दर एक-दोन वर्षांनी कोठून ना कोठून येतात. वर्तमानपत्रात त्या आतल्या पानावर चार ओळींत येतात आणि विसरल्या जातात. पण त्या चार ओळींमागे दोन घरे उद्ध्वस्त झालेली असतात. एका घरातला माणूस जातो, दुसऱ्या घरातला तुरुंगात जातो. बहुधा दोघे एकाच वाडीतले, एकमेकांच्या लग्नाकार्यात राबलेले.

टेक्सास आणि मनोर यांच्यात सात समुद्रांचे अंतर आहे, पण चूक एकच आहे. समोर काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे, हे नक्की कळण्याआधी बोट चापावर गेले. ही सवय मोडायला ज्ञान पुरत नाही, सराव लागतो. आणि सराव करून घेणारा लागतो.

दुसरीकडे काय करतात?

जर्मनीत शिकारीचा परवाना मिळवायचा तर लेखी, तोंडी आणि नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. ती इतकी कठीण समजली जाते की लोक तिला गमतीने ‘हिरवी मॅट्रिक’ म्हणावे अशा नावाने ओळखतात. अमेरिकेत बहुतेक राज्यांत शिकारीसाठी सुरक्षिततेचा अभ्यासक्रम सक्तीचा आहे. त्याचा पाठांतराचा भाग आता संगणकावर होतो, पण बऱ्याच ठिकाणी, विशेषत: लहान वयाच्या मुलांना, एक दिवस प्रत्यक्ष मैदानावर येऊन शिक्षकासमोर बंदूक हाताळून दाखवावी लागते. म्हणजे ज्या देशांतून या चित्रफिती येतात, तेथेही चित्रफीत ही मैदानाची तयारी आहे, मैदानाला पर्याय नाही. आपण तयारी तेवढी उचलली आणि मैदान तिकडेच ठेवून आलो.

परदेश कशाला, केरळकडे पाहू. तेथे रानडुकरांचा उपद्रव असह्य झाला, तेव्हा २०२२ च्या मे महिन्यात सरकारने उपद्रवी डुकरे मारण्याची परवानगी देण्याचे अधिकार ग्रामपंचायतींच्या व नगरपालिकांच्या प्रमुखांना दिले. पण मारण्याचे काम वाटेल त्या शेतकऱ्यावर सोडले नाही. परवानाधारक नेमबाजांची यादी करून त्यांच्याकडून ते करून घ्यायचे, अशी रीत ठेवली. ती सर्वत्र सुरळीत चालली असे नव्हे. यादीत माणसे कमी पडतात, अशी तक्रार तेथेही आहे. तरी तिच्यातले तत्त्व मोलाचे आहे. बंदूक असणे आणि बंदूक चालवण्यास लायक असणे, या दोन गोष्टी तेथे वेगळ्या मानल्या आहेत.

महाराष्ट्राला नेमबाजीचे वावडे आहे, असेही नाही. अंजली भागवतपासून २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेपर्यंत आपली परंपरा अभिमानास्पद आहे. पण ती रायफल-पिस्तुलाची, शहरातल्या बंदिस्त मैदानांची. छऱ्याच्या बंदुकीची काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात तयार होत आली, ती वापरणारा मात्र केळशीच्या सड्यावर एकटाच उभा आहे. त्याच्यापर्यंत ना मैदान पोहोचले, ना शिक्षक.

करता काय येईल?

फार मोठा खर्च लागेल, असे काही नाही. तालुक्याच्या ठिकाणी वर्षातून दोन वेळा, भात फुटव्याला येण्याआधी आणि आंबा मोहरण्याआधी, दोन-दोन दिवसांचे वर्ग घेता येतील. पोलिसांकडे शिकवणारी माणसे आणि सरावाची मैदाने आहेत. वनखात्याकडे जनावरांची माहिती आहे. दापोलीला १९७२ पासून कोकण कृषी विद्यापीठ आहे, तेथे शेतकऱ्यांचे मेळावे नेहमीच होतात. तिघांनी एकत्र यायचे. पहिल्या दिवशी कायदा आणि रिकामी बंदूक, दुसऱ्या दिवशी मैदानावर प्रत्येकाकडून मोजके बार. जो नळी सांभाळू शकत नाही, त्याला दाखला नाही. मग तो सरपंचाचा भाचा असो की आमदाराचा.

चित्रफितींनाही या व्यवस्थेत मानाची जागा आहे. आपल्या बंदुका, आपले गडगे, आपला पाऊस आणि आपली भाषा असलेल्या मराठी चित्रफिती या खात्यांनी काढाव्यात. वर्गाला येण्याआधी त्या पाहाव्यात, घरी गेल्यावर उजळणीला पाहाव्यात. ज्यांच्याकडे राखणीला रखवालदार असतात, त्या बागायतदारांनी त्यांनाही दाखवाव्यात. परवाना नसलेल्या रखवालदाराच्या हाती मालकाची बंदूक जाऊ नये, हे कळले तरी त्या चित्रफितीचे पैसे वसूल झाले.

आणखी एक गाऱ्हाणे सरकारने ऐकायला हवे. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचा हुकूम निघतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता मार्चच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत होती, म्हणजे ऐन आंब्याचा हंगाम. त्याच वर्षी विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली, म्हणजे ऐन भातकापणी. कोणाची बंदूक जमा करायची आणि कोणाची नाही, याची छाननी करण्यासाठी समिती असते. प्रशिक्षण घेतलेल्या, स्वच्छ चारित्र्याच्या शेतकऱ्याची बंदूक तिने सोडली, तर दोन गोष्टी साधतील. पीक वाचेल आणि प्रशिक्षणाला लोक आपणहून येतील. नुसत्या उपदेशाने जे होत नाही, ते अशा सवलतीने होते.

आणि काही गोष्टी सरकारच्या नव्हेतच, घरच्या आहेत. भिंतीवरची बंदूक शोभेला छान दिसते, पण सुट्टीला आलेल्या नातवंडांच्या हाताला ती पोहोचते. ती उतरवून कुलपात ठेवायला कोणत्या शासननिर्णयाची वाट पाहायची? घरातल्या बाईला बंदूक रिकामी आहे की भरलेली, हे ओळखता येते का? ‘‘रिकामीच आहे’’ या दोन शब्दांनी जितके जीव घेतले, तितके वैराने घेतले नसतील.

निघण्याच्या दिवशी सकाळी पाहिले, तर अण्णा मुलाला घेऊन आगरात उभे होते. मोबाइल ओटीवरच राहिला होता. बंदूक अण्णांच्या हातात होती, उघडलेली. त्यांनी मुलाला नळीतून पलीकडचे आभाळ दाखवले. ‘‘दिसतं? म्हणजे रिकामी. आता मला दाखव.’’ मुलाने दाखवले. ‘‘पुन्हा.’’ पुन्हा दाखवले. ‘‘आता गडग्याजवळ जाऊन तिथे दाखव.’’ अर्धा तास हेच चालले होते. मुलगा कंटाळलेला दिसत होता. अण्णा मात्र कंटाळले नव्हते.

‘‘अजून परवाना झालेला नाही, तेव्हा काडतुसाला हात नाही,’’ मला पाहून ते म्हणाले. ‘‘पण तोवर एवढं येऊ दे. बार काढायला काय, कोणीही शिकवील.’’